सोमवारचं गाव

उमरखेड,
रविवार

प्रिय निकिता,

परवा फोनवर मी तुझ्याशी बोलले नाही, भाषण केलं. तू ‘हां आत्या’ म्हणालीस आणि मी समोर माइक असल्यासारखी सुरू झाले. फसवणूक, विज्ञान, जबाबदारी, माझे नेहमीचे सगळे शब्द येऊन गेले. तू शेवटी एवढंच म्हणालीस, “बरं आत्या, मी ते सॉफ्टवेअर काढून टाकते,” आणि फोन ठेवलास. माझं वाक्य अर्धवटच राहिलं, आणि अर्धवट वाक्य पोटात ठेवून मला झोप येत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र. कागदावर मला मध्येच कोणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे मी जरा शहाण्यासारखी बोलते. आधी एक विनंती: हे वाचून होईपर्यंत काहीही काढू नकोस.

इकडे सगळं ठीक आहे, आणि ‘ठीक’ हा शब्द मी उगाच वापरत नाही. हरभऱ्याचे घाटे भरलेत. शेजारच्या विमलताईंनी तुरीच्या शेंगा उकडून पाठवल्या. माझा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. तुझे बापू काल घाटंजीहून परत आले. सेवादासमामाने त्यांच्याबरोबर बोरांची पिशवी दिली होती, ती त्यांनी बसमध्येच अर्धी वाटून टाकली आणि वर ड्रायव्हरशी भांडण करून आले. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस प्रवासी म्हणून बसला की काय होतं, ते तू अजून पाहिलेलं नाहीस. ते मुद्दाम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात आणि प्रत्येक चढाला त्यांचा डावा पाय क्लच शोधतो. काल पुसदच्या अलीकडे म्हणे त्यांना राहवलं नाही. “खालचा गिअर टाक ना बे, इंजिन रडून राह्यलं!” ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि विचारलं, “काका, तुम्हीच येता का इकडं?” तर बापू म्हणाले, “येतो ना. पण मग तू मांगं बसून बोरं खाय.” हे सगळं त्यांनी मला जेवताना, हात हलवून, ताटातली भाकरी थंड करत सांगितलं. निकिता, आपणहून सांगितलं. मला विचारावं लागलं नाही.

तुझी याडी, तुझी आई, गेल्यावर तू पुण्याहून आलीस, दिवस होईपर्यंत राहिलीस आणि गेलीस. एकाच घरात तू आणि तुझा बाप माझ्यामार्फत एकमेकांना मीठ मागत होतात. तू गेल्यावर काय झालं, ते मी तुला फोनवर कधी नीट सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. तो माणूस खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी शेजारच्या घरातून डबा न्यायची, तो झाकलेला परत यायचा. एसटी स्टँडवर जाणं बंद, तांड्यावर जाणं बंद, दाढी बंद. जुने ड्रायव्हर-कंडक्टर भेटायला आले तर ‘झोपले म्हणून सांग’ असं स्वतःच मोठ्याने आतून सांगायचे. मी भाषणं देऊन पाहिली. दुःखावर, आयुष्यावर, माणसाच्या कर्तव्यावर. एकदा ते कूस बदलून म्हणाले, “बाई, तुहं झालं का? मंग लाइट बंद कर.” माझ्या वक्तृत्वाचा असा पराभव कुठल्याही सभेत झाला नव्हता. मला खरंच भीती वाटू लागली होती, की हा माझा धाकटा भाऊ आता त्या खाटेवरून उठायचाच नाही.

आणि तुमचं भांडण तर होतंच. तू धम्मरत्नशी लग्न केलंस, यवतमाळच्या नोंदणी कार्यालयात याडी आणि मी आलो, बापू आले नाहीत, तेव्हापासून तुमच्यात शब्द नाही. ते म्हणतात, जातीचं काही नाही, ‘मले सगळ्याच्या शेवटी सांगतलं’ याचा राग आहे. मी त्यातलं अर्धंच खरं मानते. तुझं म्हणणं, एकदा माझ्या घराचा उंबरा ओलांडा, मग बोलू. त्यांचं म्हणणं, लेकीच्या घरी न बोलावता जायचं नाही, ही आपल्या घरची रीत आहे. एक बोलावत नाही, एक जात नाही. मी भरलेल्या सभा वळवल्या आहेत, तुम्हा दोघांपैकी एकाचीही मान मला वळवता आली नाही.

अशात तुझ्या त्या सॉफ्टवेअरची बातमी माझ्या कानावर आली, ती मारोतरावांकडून. स्टँडसमोर लॉटरीच्या तिकिटांची माळ लावून बसतात ते. बापू नोकरीत असताना ड्यूटी संपली की त्यांच्याकडून एक तिकीट घ्यायचे आणि याडी म्हणायची, “आणलं का आणखी एक रद्दी?” मी या धंद्यावर किती बोलले आहे ते तू लहानपणापासून ऐकलंस. आकड्याला आठवण नसते. गेल्या सोडतीची पुढच्या सोडतीशी ओळख नसते. गरिबाच्या खिशातून आशा काढून त्यालाच पुन्हा विकायची, यापेक्षा हुशार आणि निर्लज्ज व्यापार मी वाचलेल्या कुठल्या इतिहासात नाही. आणि एके दिवशी मारोतराव रस्त्यात मला थांबवून हसत म्हणाले, “बाई, आता तुमची भाषणं बंद करा. तुमच्या निकितानंच लॉटरीचा नंबर काढाचं मशीन बनवलं. फुकट हाय! मोबाइलवर!” माझ्या हातातली पिशवी पडायचीच बाकी होती.

मी घरी येऊन ते उघडून पाहिलं. फुकट, कोणीही घ्यावं, आत काय आहे तेही कोणीही वाचावं, कोणालाही सुधारणा सुचवता याव्यात, हे सगळं मला समजलं. पहिल्याच पानावर तू ठळक लिहिलंस: ‘हे सॉफ्टवेअर पुढचा आकडा ओळखू शकत नाही. कोणीच ओळखू शकत नाही.’ आणि खाली बटण: ‘तरी पण काढा.’ मला हसू आलं आणि रागही आला. लोक वरचं वाचत नाहीत गं, खालचं दाबतात. जुन्या सोडतींचे रंगीत आलेख हलतात, ‘थांबा, काढून राह्यलो’ असं आपल्या बोलीत येतं आणि तिकिटाचे शेवटचे चार आकडे पुढ्यात पडतात. मग अख्खं स्टँड ते चार आकडे घेऊन मारोतरावांच्या माळेवर तिकिटं शोधायला लागलं. आता तिकिटावरचा नंबर आधीच छापलेला, तो आपल्याला पाहिजे तसा मिळतो थोडाच. म्हणून मारोतरावांनी तुझ्याकडे तक्रार लिहिली, ती मी तिथंच वाचली: ‘मॅडम नंबर येते पण तिकीट भेटत नाही. तुमचे बापूबी खाटेवर पडून तेच पाहतात. माझ्या दुकानाचं नाव टाका म्हणजे लोक इकडंतिकडं जाणार नाहीत.’ तू उत्तर दिलंस, ‘सूचना चांगली आहे, विचार करते.’ आणि पुढच्या सोमवारपासून नंबरच्या खाली एक ओळ येऊ लागली. आपला जिल्हा निवडायचा, की एका गावाचं नाव. ‘तिकीट इथं मिळेल.’ त्या सोमवारी आलं ते दिग्रस. उमरखेड नाही. मारोतरावांनी मला पुन्हा थांबवलं, या वेळी हसत नव्हते. “बाई, पोरीले समजावा. माझं गिऱ्हाईक दिग्रसले पळून राह्यलं!”

बापूंच्या मोबाइलवर ते कोणी घालून दिलं ते विचारू नकोस, मारोतरावच. ‘तुह्या पोरीनं बनवलं’ म्हणत खाटेजवळ जाऊन दाखवून आले. बापूंनी कूस बदलली नाही. पण मी डबा घेऊन गेले तेव्हा मोबाइल छातीवर होता आणि चष्मा डोळ्यांवर. मंगळवारी सकाळी मी पाहते, तर हे दाढी करून, पांढरा शर्ट घालून उभे. “दिग्रसले जाऊन येतो,” म्हणाले. मी दारात उभी राहिले. त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम करायच्या होत्या, तुला शिव्या द्यायच्या आणि त्यांची पिशवी भरून द्यायची. मी पिशवी भरली. ते दोन दिवस तुझ्या मावशीकडे राहून आले, तिच्याजवळ याडीच्या नावाने रडून आले आणि येताना तिच्या हातचं लोणचं घेऊन आले. मग आर्णी आली. तिथं त्यांचे जुने कंडक्टर गफूरभाई राहतात. मग पांढरकवडा, तिथं शंकरसिंग, ज्यांच्याबरोबर ते गाडी शिकले. हायवेवरच्या ढाब्यावर त्या दोघांनी दुपारभर चहा पीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रक-ड्रायव्हरला नावं ठेवली. उमरखेडचे आणखी दोघे-तिघे तिकिटाच्या शोधात तिथंच उगवले, तेही त्यांच्याबरोबर बसले. मी मनात म्हटलं, योगायोग आहे. तुझ्या बापाची माणसं जिल्हाभर पसरली आहेत, कुठलंही गाव काढा, कोणी ना कोणी निघणारच. मी गणिताची मास्तरीण, मला हे पुरेसं वाटलं. मी त्यांना पुन्हा हसताना पाहत होते, त्यामुळे हिशेब तपासायची इच्छाही नव्हती.

पण माझं तत्त्व काही खाटेवर पडलेलं नव्हतं. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांनी मला या आठवड्यात व्याख्यानाला बोलावलं आणि मी विषय दिला ‘नशिबाचं दुकान’. तुझं नाव घेणार नव्हते, सॉफ्टवेअरचं घेणार होते. हॉल भरला होता. पाळी सुटून आलेले, डबे मांडीवर घेतलेले लोक. मी विचारलं, “हे मशीन कोणाकोणाच्या मोबाइलवर आहे?” निम्मे हात वर. म्हटलं, “चला, सगळ्यांनी एकदम बटण दाबा आणि एकेकाने नंबर ओरडा.” मग काय, बाजारच भरला. कोणी चौऱ्याऐंशी बावीस, कोणी शून्य सात एकोणीस. एका बाजूच्या दोघांनी तर एकमेकांचे मोबाइल हिसकून पाहिले. “अबे, तुह्यं खोटं हाय!” “काहून? तुह्यंच जुनं असंन!” मी आवाज चढवला. “सोडत एकच आहे ना? मग या हॉलमध्ये प्रत्येकाच्या खिशात वेगळं भविष्य कसं?” काय टाळ्या पडल्या, निकिता! लोक स्वतःवरच हसत होते, आणि तेच मला हवं होतं. भाषण जिंकलं होतं.

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. कारखान्याचा निळा कोट, हातात मोबाइल. “मॅडम, नंबर सगळ्याईचे अलग हायत, ते समजलं. पण गाव सगळ्याईचं एकच काहून आलं?” सगळ्यांनी खाली पाहिलं. घाटंजी. प्रत्येकाला घाटंजी. नंबर चिठ्ठी काढल्यासारखा निघत होता, गाव मात्र कोणीतरी ठरवून टाकलं होतं. आणि त्याच दिवशी सकाळी मी तुझ्या बापाला घाटंजीच्या वाटेला लावून लोहाऱ्याला आले होते, तुझ्या मामाच्या गावाला. दिग्रसची मावशी, आर्णीचे गफूरभाई, पांढरकवड्याचे शंकरसिंग, आता सेवादास. मी टेबलावरचं पाणी प्यायले. शेवटी म्हटलं, “ताई, याचं उत्तर माझ्या घरात आहे. विचारून कळवते.” आणि मी बसले. आयोजकांनी घाईघाईने आभार मानले.

म्हणून परवाचा तो फोन. मला राग आला होता आणि तो खरा होता. मी अजूनही त्यातलं एक वाक्य मागे घेत नाही: ‘तिकीट इथं मिळेल’ हे तू खोटं लिहिलंस. तुझ्या एका बापासाठी तू सगळ्या जिल्ह्याला बसमध्ये बसवलंस. चांगल्या हेतूने सांगितलेलं खोटं हे खोटंच, आणि मी आयुष्यभर ज्या बुवांशी भांडले त्यांच्यापैकी बहुतेकांचा हेतू त्यांच्या मते चांगलाच होता. पण फोन ठेवल्यावर मला दुसरी बाजू दिसली. मी त्या प्रत्येक बुवाला भर सभेत सांगितलं होतं, तुमची पोथी उघडी करा, आत काय आहे ते लोकांना वाचू द्या. एकानेही केली नाही. तू मात्र कोणी मागायच्या आधीच सगळी उघडी करून ठेवलीस. ज्याला पाहायचं त्याने पाहावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. असं करणारा माणूस फसवणारा नसतो. खरं सांगायचं तर, माझ्या विचारांप्रमाणे इतकं नीट मी स्वतः क्वचितच वागले असेन. आणि मी तुला काय दिलं? फोनवर व्याख्यान.

मग मी ठरवलं, की निदान बापूंना तरी खरं सांगायचं. आज सकाळी ते ओट्यावर उन्हात बसून मामाकडची उरलेली बोरं खात होते. मी विचारलं, “घाटंजीला तिकीट घेतलंस का?” ते म्हणाले, “राहूनच गेलं.” मी विचारलं, “आणि पांढरकवड्याला?” “तिथंबी राहून गेलं.” मग मी गंभीर होऊन सांगायला लागले, की धावजी, हे गाव काही मशीन काढत नाही, हे आपली निकिता... त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. “बाई, तू मले लहान पोरगं समजून राह्यली का? दिग्रस आलं तवाच समजलं मले. आकडा मशीननं काढला असंन. दिग्रस माह्या पोरीनं काढलं.” मी विचारलं, “मग जातोस कशाला?” त्यांनी बी थुंकली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “पोरगी पाठवते म्हणून जातो.” त्यांनी माझ्यापुढे मूठभर बोरं सरकवली. मग मोबाइल काढून, लांब धरून, ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “दिग्रस आलं, आर्णी आली, पांढरकवडा आला, घाटंजी आली. पुणं काही आलं नाही.” मी सवयीने मास्तरकी केली, “पुणं आपल्या जिल्ह्यात नाही.” “ते मले मालूम हाय,” ते म्हणाले, “एसटी म्या चालवली, तू नाही.”

म्हणून हे पत्र, पोरी. दुपारभर बसून मी तुझ्या त्या ‘बदल कसा सुचवावा’ या पानाचा अभ्यास केला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या लिखाणात न ओरडता दुरुस्ती सुचवली. ती तुझ्याकडे पोचली असेल, नाव माझंच आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. ‘तिकीट इथं मिळेल’ हे मी खोडलंय आणि तिथं ‘इथं जाऊन या’ असं लिहिलंय, म्हणजे आता ते खरं आहे आणि माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. आणि यवतमाळ जिल्ह्याच्या गावांमध्ये मी पुणं घातलंय. नियमात बसत नाही, मला कळतं. मी सुचवू शकते, मंजूर करायचं बटण फक्त तुझ्याकडे आहे, आणि बरंच आहे ते, कारण बोलावणं तुझ्याच हातून गेलं पाहिजे. मी कितीही चांगलं बोलले तरी ते माझं होईल, आणि बापू तर तुझ्या गावाची वाट पाहत आहेत. हे पत्र मिळेल त्याच्या पुढचा सोमवार धर. धम्मरत्नला विचार, तो नाही म्हणणार नाही, पण विचार. उमरखेडहून आणखी दोघे-तिघे येऊन दारात उभे राहिले, तर चहात पाणी वाढव आणि मारोतरावांचं गिऱ्हाईक म्हणून त्यांचा मान ठेव. आणि तुला ते मंजूर करावंसं वाटलं नाही, तर करू नकोस. मी फोन करणार नाही, भाषणही देणार नाही. सोमवारी सकाळी बापू चष्मा लावून ओट्यावर बसतील, मी त्यांच्या शेजारी बसेन, आणि कुठलंही गाव आलं तरी पिशवी भरून देईन.

तुझीच, बोलून थकलेली आणि लिहून बरं वाटलेली,
जमनाआत्या